चाहूल अठ्ठ्याऐंशी

“मॅडम, फक्त एक तारीख सांगा. बारशाचा हॉल अडवून ठेवायचाय. तो हॉलवाला रोज फोन करतोय.”

“हॉल बाळाला विचारून अडवा,” असं म्हणून डॉ. नीलाक्षी खातूने फोन ठेवला.

सकाळचे साडेसातही वाजले नव्हते आणि हा तिसरा फोन होता. पहिला एका आजोबांचा. सून कधी बाळंत होणार ते कळलं की त्यांना आपलं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढेमागे करता येणार होतं. दुसऱ्या बाईंना लेकीचं बाळ मार्च संपायच्या आत हवं होतं, कारण एप्रिलमधल्या मुलांना शाळेत वर्षभर उशिरा घेतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. टोस्ट गार झाला होता. नीलाक्षीने तो तसाच चहात बुडवला, तर तो तुटून कपात पडला.

चिपळूणच्या खातू प्रसूतिगृहात चौदा खाटा होत्या. तिचा नवरा श्रीरंग स्त्रीरोगतज्ज्ञ, तो ऑपरेशन करायचा. नीलाक्षी भूल द्यायची. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. पूर्वी तारीख देण्यात काही अवघड नव्हतं. पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालेली बाई आली, की श्रीरंग अडतिसावा आठवडा बघून कॅलेंडरवर गोल करायचा, नातेवाईक तो गोल बघून खूश व्हायचे. आणि वर्षाकाठी पाच-सहा बाळं जन्मल्या जन्मल्या धापा टाकायला लागायची.

त्याचं कारण असं. पोटात असताना बाळाची फुप्फुसं हवेने नाही, पाण्याने भरलेली असतात. शेवटच्या काही आठवड्यांत तिथे दोन कामं उरकायची असतात. हवेच्या सूक्ष्म फुग्यांना आतून साबणासारखा एक थर चढावा लागतो. तो नसेल तर श्वास सोडला की फुग्यांच्या भिंती ओल्या कागदासारख्या एकमेकींना चिकटतात. शिवाय फुप्फुसांना पाणी तयार करणं थांबवून ते शोषून घ्यायला शिकावं लागतं. कळा सुरू झाल्या की या कामाला जोर येतो. कळा यायच्या आधीच बाळ बाहेर काढलं, तर काम अर्धवट राहिलेलं असण्याचा धोका असतो. म्हणून पुस्तकं सांगायची, तसंच काही कारण नसेल तर एकोणचाळीस आठवडे भरू द्या. पण एकोणचाळीस ही झाली सरासरी. एखादं बाळ अडतिसाव्यातच तयार असतं, एखादं चाळिसाव्यातही कच्चं.

मग तीन वर्षांपूर्वी ‘चाहूल’ आली. गर्भारबाईच्या दंडावर चिकटवायची, नाण्याएवढी चकती. बाळाची फुप्फुसं जसजशी तयार होतात तसतसे त्यांच्यातून काही रेणू सुटतात आणि वारेतून आईच्या रक्तात उतरतात. चकती कातडीखालच्या द्रवातून ते टिपते आणि शून्य ते शंभर असा एक आकडा दाखवते. पंच्याऐंशीच्या वर गेला म्हणजे फुप्फुसं तयार. राज्याने पुढे नियमच केला, की आईच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका नसेल तर पंच्याऐंशीच्या आत ठरवून सिझेरियन करायचं नाही. त्यामुळे आता कुणालाच तारीख देता येत नव्हती. आकडा वर चढला की दीड-दोन दिवसांत बोलावणं, एवढंच.

चाहूल आणायला नीलाक्षीनेच नवऱ्याशी भांडण काढलं होतं. धापा टाकणारी बाळं कमी झाली होती, वर्षाला एखादंच. पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. धाप न लागलेल्या बाळाबद्दल कोण काय बोलणार? बोलायचे ते हॉलवाले, विमानाची तिकिटं काढलेले काका आणि रजा संपत आलेले बाप. त्यांची समजूत घालता घालता नीलाक्षीच्या नाकी नऊ आले होते.

त्या बुधवारी सकाळच्या यादीत एकच नाव होतं. दीप्ती पालशेतकर, गुहागर, वय एकोणतीस, दुसरं बाळंतपण, पहिलं सिझेरियनने झालेलं. सदतीस आठवडे दोन दिवस. चाहूल अठ्ठ्याऐंशी.

“सदतीसला अठ्ठ्याऐंशी?” नीलाक्षी म्हणाली. “हे बाळ भलतंच घाईचं दिसतंय.”

घाणेकर सिस्टर फाइल पुढे सरकवत म्हणाल्या, “रविवारी एकसष्ट होता मॅडम. मीच नोंद केलेली.”

नीलाक्षीचा हात थांबला. चाहूल दिवसाला दोन-तीन अंकांनी चढते. तीन दिवसांत सत्तावीस म्हणजे बाळाने फुप्फुसं बनवली नव्हती, बाजारातून आणली होती. तिने रक्ताचा रिपोर्ट उघडला. उपाशीपोटी साखर एकशे बावन्न; आधीच्या चारही रिपोर्टांत ती ऐंशीच्या घरात होती. पांढऱ्या पेशी सतरा हजार, आणि ताप नाही.

हे दोन आकडे शेजारी शेजारी बघितले की कुठल्याही भूलतज्ज्ञाला एकच शब्द आठवतो. स्टेरॉइड.

बाळ वेळेआधी जन्मणार हे अटळ असेल, तर आईला चोवीस तासांच्या अंतराने स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं देतात. बाळाची फुप्फुसं घाईघाईने तयार होतात. बत्तिसाव्या आठवड्यात ती इंजेक्शनं जीव वाचवतात. पण दिवस जवळजवळ भरलेल्या बाळाला ती दिली तर जन्मल्यावर त्याची साखर धाडकन खाली येऊ शकते, आणि साखरेविना मेंदूचं काय होतं ते नीलाक्षीने पाहिलं होतं. चाहूल फक्त फुप्फुसांचं ऐकते. बाकीचं बाळ तयार आहे की नाही, ते तिला कळत नाही.

ती खोलीत गेली. दीप्ती हिरवा गाऊन घालून खाटेवर बसली होती. शेजारच्या स्टुलावर तिचा नवरा रितेश होता. तो मालवाहू जहाजावर इंजिन रूममध्ये फिटर होता. खांदे रुंद, आणि हातांचं काय करावं ते न कळल्यासारखा बसलेला.

“दीप्ती, सोमवारी आणि काल इंजेक्शन घेतलंस?”

दीप्तीने नवऱ्याकडे पाहिलं. “हो मॅडम. ताकदीचं. डॉक्टरांनी दिलं.”

नीलाक्षी तडक बाहेर आली.

श्रीरंग ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नळावर हात धूत होता. गुणगुणत होता. तेवढ्यानेही तिचा पारा चढला.

“दीप्तीला स्टेरॉइड तू दिलंस?”

“दोन डोस,” तो म्हणाला. त्याने लपवलंही नाही. “तिचा नवरा शुक्रवारी चाललाय. नऊ महिन्यांचा करार आहे.”

“मग?”

“मग काय! फुप्फुसं तयार झाली. तुला आकडा हवा असतो ना? आहे की आकडा.”

“मला आकडा नको होता, श्रीरंग. बाळ तयार हवं होतं. आकडा कशासाठी असतो? तू सरळ परीक्षेचा पेपर फोडलास!”

“हळू बोल. लोक ऐकतायत.” त्याने नळ बंद केला. “सदतीस आठवड्यांना शंभरातली पंच्याण्णव बाळं ठणठणीत असतात.”

“उरलेली पाच कुणाची असतात?”

“हे बघ नीलू, बायका तुझ्यासमोर त्या टेबलावर येतात तोवर गप्प झालेल्या असतात. माझ्यासमोर बसून रडतात त्या. हिच्या मोठ्या मुलीला बापाने पहिल्यांदा पाहिलं ते सातव्या महिन्यात. मुलगी त्याला बघून किंचाळली. अजूनही तो आला की पंधरा दिवस त्याच्या जवळ जात नाही, आणि जायला लागली की हा निघतो. दुसऱ्याने तरी जन्मल्यावर बापाचा आवाज ऐकावा, एवढंच मागत होती ती. मी काय सांगणार होतो तिला? थांब, चकती नाही म्हणते?”

“हो! तेच सांगायचं होतं!”

“ते सांगणं तुला सोपं जातं.”

ते तिला लागलं. पण त्याहून दुसरीच एक गोष्ट मनात वर येत होती, आणि ती तिला नको होती.

“हिच्याआधी किती जणींना दिलंस?”

श्रीरंग टॉवेल शोधू लागला. टॉवेल समोरच होता.

“श्रीरंग, किती?”

“वर्षभरात दहा. हिला धरून अकरा.”

“तुरंबवची ती बाई? जूनमधली?”

त्याने होकारार्थी मान हलवली. त्या बाळाला जन्मल्यावर दुसऱ्या तासाला झटके आले होते. साखर अठ्ठावीस. नीलाक्षीने स्वतः त्याच्या नखाएवढ्या शिरेत सुई घातली होती, आणि कराडला जाणाऱ्या गाडीत घाटभर ते एवढंसं बाळ धरून बसली होती. चाहूल एक्याण्णव असताना असं का व्हावं, ते तिला महिनाभर कळलं नव्हतं. घरच्यांना त्या दोघांनी सांगितलं होतं, होतं असं कधीकधी.

“मी भूल देणार नाही,” ती म्हणाली.

“मग सावर्ड्याहून दुसरा भूलवाला बोलावतो.”

“बोलाव. साखरेचा रिपोर्ट मी स्वतः त्याच्या हातात देईन.”

श्रीरंगने डोक्यावरची टोपी काढली. नीलाक्षी परत खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि दोघांना सगळं सांगितलं. इंजेक्शन कसलं होतं, का दिलं, चाहूल खोटी का आणि बाळाची साखर म्हणजे काय. आडपडदा ठेवला नाही. नवऱ्याचं नावही गाळलं नाही.

रितेश दीप्तीकडे वळला. “तुला माहीत होतं?”

“ताकदीचं नाही, एवढं माहीत होतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू नको म्हणाला असतास.”

“म्हणालोच असतो!” तो उभा राहिला, पण त्या खोलीत जायला जागाच नव्हती, म्हणून पुन्हा बसला. मग नीलाक्षीला म्हणाला, “आज केलं तर बाळाला त्रास होणार, हे नक्की?”

“नक्की काहीच नसतं. पण धोका आहे. आणि तो टाळायला दहा-बारा दिवस थांबायचं, एवढंच करायचंय.”

“एवढंच,” दीप्ती म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, चीड होती. “तुम्हाला एवढंच वाटणार मॅडम. तुमचा नवरा रोज घरी जेवायला असतो.”

आज त्याच नवऱ्याचं तोंड बघायची आपली इच्छा नाही, हे काही नीलाक्षी तिला सांगू शकत नव्हती. ती म्हणाली, “वाटलं तर दुसऱ्या हॉस्पिटलात जा. मी अडवणार नाही. पण रिपोर्ट सोबत न्या आणि तिथल्या बाळांच्या डॉक्टरांना आधी सांगा.”

रितेशने तिथूनच कंपनीला फोन लावला. दहा दिवस उशिरा चालेल का? पलीकडचा माणूस फार सभ्यपणे म्हणाला की अवश्य, मग या जहाजावर दुसऱ्याला पाठवू. पुढचं बोलावणं कधी येईल ते सांगता येत नाही, कदाचित सहा महिन्यांनी. दीप्तीने हात पुढे करून त्याच्या हातातला फोन बंद केला.

“जा तू,” ती म्हणाली. “बिनपगारी बसून राहिलास तर दोघा पोरांचा बाप घरी, पण घर चालवणार कोण?”

ती गाऊन बदलायला गेली. जाताना दंडावरची चकती ओरबाडून काढायला निघाली होती, पण रितेशने तिचा हात धरला. दोघं मागच्या दाराने गेले. शुक्रवारी रितेश मुंबईला निघाला.

घरी दोन दिवस जेवणाच्या टेबलावर फक्त भांड्यांचा आवाज होता. नीलाक्षीने दोन पत्रं लिहायला घेतली. एक आरोग्य खात्याला, एक चाहूल बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला. स्टेरॉइड दिलं की चकती फसते. आमच्या प्रसूतिगृहात अकरा वेळा फसवली गेली. त्यातल्या एका बाळाला झटके आले. इतर ठिकाणीही हे होत असणार. खाली तिने दोन सह्यांची जागा ठेवली.

“वेडी झालीस तू,” श्रीरंग म्हणाला. “परवानगी जाईल. बावीस वर्षं जातील.”

“जाऊ देत.”

“कुणी विचारलेलं नाही, कुणी तक्रार केलेली नाही. आपणच उठून...”

“कुणाला कळलेलंच नाही, तर तक्रार कोण करणार? तुरंबवच्या माणसांनी दिवाळीला फराळ पाठवला आपल्याला! तुला तो गिळवला तरी कसा?”

शनिवारी दुपारी तो काही न सांगता गाडी घेऊन गेला. चारच्या सुमाराला परत आला, चपला न काढता आत आला आणि डायनिंग टेबलाशी बसला.

“तुरंबवला जाऊन आलो,” तो म्हणाला. “रांगतोय. दोन दात आलेत.”

नीलाक्षीने समोरची खुर्ची ओढली.

“डावा हात जरा कमी वापरतो. काही नसेलही. मी त्यांना सांगितलं, जूनमध्ये काय झालं ते. पोराचा आजोबा नुसता बघत राहिला माझ्याकडे. मग म्हणाला, चहा घेऊन जा डॉक्टर.” श्रीरंगने डोळ्यांवर हात दाबून धरले. “कुठे करायची सही?”

तिने बोट ठेवलं, तिथे त्याने सही केली. तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही. उठून दोघांसाठी चहा टाकला.

दीप्तीचा आकडा घाणेकर सिस्टर रोज फोनवरून घेत होत्या. इंजेक्शनाचा जोर ओसरला तशी चाहूल उतरली. अठ्ठ्याऐंशीची ऐंशी, मग चौऱ्याहत्तर, पुढच्या बुधवारी एकोणसत्तर. मग ती रोज दोन-तीन अंकांनी, आपल्या पायांनी चढू लागली. फोनवर दीप्ती फक्त आकडा सांगायची आणि ठेवून द्यायची. ती दुसरीकडे नाव घालेल, असं नीलाक्षीने गृहीत धरलं होतं. पण एकोणचाळीस आठवडे एक दिवस भरले त्या मंगळवारी सकाळी गुहागरहून गाडी आली आणि सासूच्या खांद्याला धरून दीप्ती उतरली. चाहूल शहाऐंशी, आणि पहाटेपासून बारीक कळा.

“दुसरीकडे कुठे जाणार?” एवढंच ती म्हणाली.

नीलाक्षीने तिच्या पाठीत सुई दिली. कमरेखालचा भाग बधिर झाला. नेहमीसारखी ती दीप्तीच्या डोक्याशी उभी राहिली. पाठवलेल्या पत्रांना अजून उत्तर आलं नव्हतं; पडद्यापलीकडे श्रीरंग मान खाली घालून काम करत होता. आज गुणगुणत नव्हता. दहाव्या मिनिटाला बाळ बाहेर आलं. मुलगा. त्याने वाट न बघता असं भोकाड पसरलं की सिस्टर दचकल्या. श्वास मिनिटाला चव्वेचाळीस. तासाभराने साखर एकसष्ट, तीन तासांनी सहासष्ट. नीलाक्षीने दोन्ही आकडे दोनदा वाचले.

रितेशचं जहाज तेव्हा श्रीलंकेच्या खाली कुठेतरी होतं. तो पाळीवर इंजिनाशी होता. मुलाच्या रडण्याचा व्हिडिओ त्याला सहा तासांनी दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाक्षी दीप्तीला बघायला गेली. पायांत ताकद आली का, डोकं दुखतंय का, नेहमीचे प्रश्न. बाळ दीप्तीच्या कुशीत झोपलं होतं, ओठ चोखल्यासारखे हलवत. दीप्तीने उत्तरं दिली. मग म्हणाली, “एक विचारू मॅडम?”

“विचार.”

“हा चांगला आहे ना? अगदी चांगला?”

“अगदी.”

“त्या बुधवारी केलं असतं, तरी चांगलाच निघाला असता का? रितेशने याला हातात घेतला असता.” ती बाळाकडे बघत बोलत होती. “मी चौदा दिवस हेच विचारत्ये स्वतःला. तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हाला सांगता येईल ना?”

नीलाक्षीच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. शंभरातली पाच, तुरंबवचा तो डावा हात, ओल्या कागदासारखे फुगे. बावीस वर्षं ती लोकांना असलंच सगळं सांगत आली होती, कधी समजुतीने, कधी वैतागून. त्यातलं एकही या बाळाबद्दल नव्हतं. या बाळाचा तो बुधवार कुणीच पाहिलेला नव्हता.

“नाही,” ती म्हणाली. “कदाचित चांगलाच निघाला असता. मला नाही सांगता येत.”

दीप्तीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग टाके दुखत असतानाही हळूहळू पाय एका बाजूला घेतले आणि खाटेच्या कडेवर तिला बसायला जागा करून दिली.